ढगात ठेवलेली वही



गेल्या पावसाळ्यात रेणापूर, खरोळा आणि पोहरेगाव येथील पाच विद्यार्थ्यांनी एक चांगले काम हाती घेतले. तिन्ही गावांतील मिळून अकरा विहिरी त्यांनी निवडल्या आणि दर रविवारी सकाळी दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले. जूनच्या दुसऱ्या रविवारपासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अठरा रविवार झाले. अकरा विहिरी आणि अठरा रविवार, म्हणजे १९८ नोंदी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तेव्हा ही मुले बालवाडीत होती. परंतु आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात पाऊस किती मुरतो, हा प्रश्न आमच्या भागात लहान मुलालाही परका नाही.

नोंदींचा तक्ता त्यांनी क्लाउडवर ठेवलेल्या एका फाइलीत लिहिला. पाचही जणांना ती आपापल्या गावातून उघडता यावी, हा हेतू. विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना त्यांनी फाइल उघडली आणि पाहतात तो काय, रेणापूरच्या पाच विहिरींच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या नोंदी नाहीत आणि पोहरेगावच्या तीन विहिरींचे रकाने जुलैपासून कोरे! मुले माझ्याकडे आली. "सर, संगणकानं खाल्लं सगळं," एवढेच त्यांतली एक मुलगी म्हणाली.

प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. विहिरीचे पाणी मात्र जुलैतल्या तिसऱ्या रविवारच्या पातळीवर परत नेऊन मोजता येत नाही. म्हणून संगणकाने खरोखर काय "खाल्ले" याचा आम्ही तीन दिवस शोध घेतला. तो शोध तुम्हांला सांगावा, आणि त्यानिमित्ताने लिहिलेला मजकूर साठतो कसा, हेही समजून घ्यावे, असा या लेखाचा बेत आहे.

क्लाउड म्हणजे ढग. मराठवाड्यात ढगावर भरवसा ठेवून कोणी पेरणी करीत नाही. पण हा ढग आकाशात नसतो. तो जमिनीवरच, मोठ्या इमारतींत मांडून ठेवलेल्या हजारो संगणकांचा असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. तुमची वही तेथील, किंवा परदेशातील एखाद्या केंद्रातील, तबकडीवर लिहिली जाते. म्हणजे "ढगात ठेवली" याचा सरळ अर्थ "दुसऱ्याच्या संगणकात ठेवली" असा होतो.

सेव्ह झाले, पण कोठे?

तुम्ही "विहीर" हा शब्द टाइप केला की तो प्रथम संगणकाच्या किंवा मोबाइलच्या तात्पुरत्या स्मृतीत जातो. या स्मृतीला रॅम म्हणतात. रॅममध्ये कोट्यवधी अतिसूक्ष्म धारित्रे असतात. धारित्रावर विद्युत्‌भार असला तर १, नसला तर ०. आता धारित्रावरील भार गळतो, हे तुम्ही शिकलाच आहात. रॅममधला भार इतक्या लवकर गळतो की ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक धारित्र वाचून पुन्हा भरावे लागते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळी पाटी पुन्हा गिरवायची! वीज गेली की गिरवणे थांबते आणि पाटी कोरी होते. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी संगणकावर काम केले आहे, त्यांना याचा अनुभव सांगण्याची गरज नाही.

कायम राहणारी जागा वेगळी. मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये ती "फ्लॅश" प्रकारची असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. यात इलेक्ट्रॉन विद्युत्‌रोधकाने चारी बाजूंनी वेढलेल्या एका बेटावर अडकवून ठेवतात. वीज नसली तरी ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात. "सेव्ह" करणे म्हणजे रॅममधला मजकूर अशा कायम जागी उतरवणे. सेव्हच्या चित्रात जी चौकोनी वस्तू दिसते ती फ्लॉपी. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेलीसुद्धा नसेल. वस्तू गेली, चित्र राहिले.

येथे एक बारकावा आहे. सेव्हचे बटण दाबल्यावरही संगणक पुष्कळदा मजकूर लगेच उतरवीत नाही. थोडे काम साठवतो आणि मग एकदम लिहितो. म्हणूनच पेन ड्राइव्ह उपटून काढू नये, आधी "सुरक्षितपणे काढा" ही आज्ञा द्यावी, असे शिक्षक सांगतात.

क्लाउडच्या बाबतीत तिसरी जागा येते, ती म्हणजे दूरचा संगणक. तेव्हा एकाच शब्दाच्या तीन पायऱ्या झाल्या: रॅम, आपल्या यंत्रातील कायम जागा, आणि दूरच्या केंद्रातील जागा. पडद्यावर "सेव्ह झाले" असे उमटते तेव्हा मजकूर यांपैकी कोणत्या पायरीपर्यंत पोचला, हे विचारण्याची सवय लावून घ्या.

आमच्या शोधातला पहिला धागा येथेच सापडला. पोहरेगावच्या मुलाला ती फाइल कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली होती. ती त्याने उघडली, दर रविवारी तीत आकडे भरले, आणि दर वेळी "सेव्ह झाले" असे त्याला दिसले. ते खोटे नव्हते. परंतु संदेशातून आलेली फाइल ही मूळ फाइल नसते, ती तिची प्रत असते. त्याचे आकडे त्याच्याच मोबाइलच्या "डाउनलोड" कप्प्यात जात राहिले. क्लाउडमधल्या वहीशी त्या प्रतीचा काडीचा संबंध नव्हता. सामायिक फाइलीचा दुवा पाठवणे आणि फाइलच पाठवणे यांत हाच फरक आहे. दुवा म्हणजे घराचा पत्ता. फाइल पाठवली म्हणजे घराचा नकाशा दिला. नकाशावर खिडकी काढली म्हणून घराला खिडकी पडत नाही.

पोचपावती

खरोळ्याच्या मुलीच्या तीन विहिरींच्या नोंदी मात्र पूर्ण होत्या, आणि गंमत अशी की तिच्याच शेतात मोबाइलला रेंज नसते. असे का झाले?

तिने दुव्यावरून मूळ वही उघडली होती आणि "ऑफलाइन वापर" ही सोय घरी, नेट चालू असताना, आधीच चालू केली होती. शेतात टाइप केलेले आकडे तिच्या मोबाइलमध्ये रांगेत थांबत. घरी आल्यावर रेंज मिळाली की एकेक करून केंद्राकडे जात. प्रत्येक बदल पोचला की केंद्राकडून पोच येते. पोच येईपर्यंत मोबाइल तो बदल रांगेतून काढून टाकीत नाही.

आता प्रश्न असा की पोच आली नाही तर? बदल वाटेत हरवला असेल, किंवा बदल पोचला पण पोच हरवली असेल. पाठवणाऱ्याला या दोहोंतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग नाही. हे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. म्हणून मोबाइल तोच बदल पुन्हा पाठवतो. मग पहिला पोचलेलाच असेल तर एकच आकडा दोनदा लिहिला जाईल की! तसे होऊ नये म्हणून प्रत्येक बदलाला क्रमांक दिलेला असतो. केंद्र म्हणते, "४७ क्रमांकाचा बदल मला मिळालेला आहे. हा पुन्हा आलेला दिसतो. लिहायचा नाही, फक्त पोच द्यायची."

या साऱ्याला वेळ किती लागतो? लातूर ते मुंबई साधारण ५०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. केंद्र मुंबईत आहे असे धरले तर जाऊन-येऊन १,००० किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग. प्रकाशाला मुंबई लांब नाही. खरा उशीर होतो तो मोबाइलपासून टॉवरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात आणि मध्ये लागणाऱ्या रांगांत. टॉवरवर गर्दी असली, वीज गेल्याने टॉवर बंद असला, बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइलने पडद्यामागचे नेट बंद ठेवले असले, की रांग अडून राहते.

पूर्ण फाइल एकदम पाठवायची असेल तर आणखी एक धोका असतो. डॉकएक्स प्रकारची वर्ड-फाइल ही एकच फाइल दिसत असली तरी ती खरे तर अनेक लहान फाइलींचे झिप केलेले गाठोडे असते. (एखाद्या फाइलीची प्रत काढून तिच्या नावाचे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा, आत मजकूर, चित्रे, शैली असे वेगवेगळे कप्पे दिसतील. प्रयोग प्रतीवरच करा.) या गाठोड्याची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते. म्हणून अर्धवट पोचलेल्या फाइलीत अर्धा निबंध मिळत नाही. ती बहुधा उघडतच नाही. चांगले प्रोग्रॅम म्हणून जुन्या फाइलीवर सरळ लिहीत नाहीत. नवी फाइल शेजारी पुरी लिहून होते, मग जुनीच्या जागी नवीचे नाव लावले जाते.

एक नाव, दोन प्रती

आता मुख्य अडचणीकडे वळू. एकच वही दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे लिखाण चालू आहे. दोन्ही जुळवायच्या कशा?

याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत दोघे काय बदलले तेवढेच पाठवतात. गूगल डॉक्स असे करते. यातली मेख समजण्यासाठी कवायतीच्या मैदानावर चला. दहा मुलांची रांग उभी आहे. दोन शिक्षकांनी एकाच वेळी रांगेकडे पाहून दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली चिठ्ठी: "रांगेच्या सुरुवातीला एक मुलगा आणून उभा करा." दुसरी चिठ्ठी: "चौथ्या मुलाला बाहेर घ्या." पहिली चिठ्ठी आधी अमलात आली. रांग एकाने सरकली. आता दुसरी चिठ्ठी जशीच्या तशी पाळली तर बाहेर कोण जाईल? मूळचा तिसरा मुलगा, बिचारा विनाकारण! दुसऱ्या शिक्षकांच्या मनातला मुलगा आता पाचवा झाला आहे. तेव्हा चिठ्ठी पाळण्यापूर्वी तिच्यातले "चौथ्या" बदलून "पाचव्या" असे करावे लागते. मुलांच्या जागी अक्षरे घाला, की सामायिक लेखनाचे मर्म हाती आले. आज्ञेचे असे रूपांतर करण्याची रीत एलिस आणि गिब्स या संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. आज पाच जण एकाच पानावर टाइप करतात आणि अक्षरे एकमेकांत घुसत नाहीत, ते या युक्तीमुळे.

दुसरी पद्धत जुनी आणि ओबडधोबड आहे, पण शाळा-कार्यालयांत अजून पुष्कळ चालते. संगणकावर एक खास फोल्डर असतो. त्यातली फाइल बदलली की पूर्ण फाइल केंद्राकडे जाते. दोन संगणकांवर एकाच फाइलीत वेगवेगळे बदल झाले तर केंद्र चिठ्ठ्या जुळवू शकत नाही, कारण त्याच्याकडे चिठ्ठ्या नसतातच. दोन रांगा असतात फक्त. शहाणी व्यवस्था अशा वेळी दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावापुढे "विसंगत प्रत" अशा अर्थाचे शेपूट किंवा संगणकाचे नाव जोडते. ड्रॉपबॉक्स असेच करते. वापरणाऱ्याने दोन्ही उघडून हाताने जुळवायच्या असतात. पण घडते काय? एकाच नावाच्या दोन फाइली पाहून कोणीतरी म्हणते, "ही जास्तीची दिसते," आणि पुसून टाकते.

आमच्या मुलांनीही तेच केले होते. त्यांचे म्हणणे मात्र ऐकण्यासारखे होते. "सर, आम्ही तारीख पाहूनच पुसली. ती २००९ ची होती. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो!"

तीन व्होल्टचा गुन्हेगार

रेणापूरच्या पाच विहिरींच्या नोंदी शाळेतल्या एका जुन्या संगणकावर भरल्या जात होत्या. मी तो चालू करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात १ जानेवारी २००९ ही तारीख.

संगणक बंद असतानाही त्यातील घड्याळ चालू राहावे म्हणून आत रुपयाच्या नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक सेल असतो. घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या २ चा पंधरावा घात आहे, त्यामुळे पंधरा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर एक सेकंद मिळतो. सेल संपला आणि वीज गेली की स्फटिक थांबतो. वीज आल्यावर संगणक कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेपासून पुन्हा मोजू लागतो. शाळेतला सेल कधी संपला होता, कोणास ठाऊक. वीज जाई आणि दर वेळी संगणक २००९ सालात परत जाई.

आता तुम्ही विचाराल, तारीख चुकली म्हणून फाइल क्लाउडवर जायची का थांबावी? येथे मोठी मौज आहे. आपला संगणक केंद्राशी बोलू लागतो तेव्हा समोरचा खराच तो आहे ना, हे आधी पडताळतो. केंद्र त्याला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य" असे असते, जसे तुमच्या एस.टी.च्या पासवर असते. कंडक्टरच्या मनात २००९ साल चालू असेल तर तुमचा या महिन्याचा पास त्याला अजून सुरूच न झालेला वाटेल आणि तो तुम्हांला खाली उतरवील. शाळेचा संगणक नेमका तसाच वागत होता. नेट चालू होते, केंद्र चालू होते, खाते बरोबर होते. तरी दीड-दोन महिने एकही नोंद वर गेली नाही. कोपऱ्यातल्या ढगाच्या चित्रावर एक लहानशी खूण मात्र येत होती. ती कोणी पाहिली नाही.

पुढे कोणीतरी सहज म्हणून तारीख दुरुस्त केली. लगेच दार उघडले आणि तुंबलेली फाइल वर गेली. पण तोवर केंद्रातल्या वहीत खरोळ्याच्या नोंदी भरत गेल्या होत्या. दोन प्रती जुळेनात, म्हणून केंद्राने शाळेची प्रत वेगळी ठेवली. तिच्यावर शेवटच्या बदलाची तारीख होती २००९. मुलांनी ती जुनी समजून पुसली. एका सेलने आधी वाट अडवली, आणि वाट उघडल्यावर खोटी साक्षही दिली.

नवी कोणती हे घड्याळाने ठरवावे, ही कल्पना किती कच्ची आहे ते यावरून दिसेल. चांगले घड्याळही पूर्ण खरे नसते. दहा लाखांत वीस इतकीच चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. आपला देश आपली प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवरून ठरवतो, परंतु ती वेळ तुमच्या यंत्रापर्यंत येईलच असे नाही.

मग घड्याळाशिवाय क्रम ठरवता येईल काय? १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने या प्रश्नाचे सुंदर उत्तर दिले. भौतिकीचा शिक्षक म्हणून मला ते विशेष आवडते, कारण ही कल्पना आपल्याला विशिष्ट सापेक्षतेच्या सिद्धांतावरून सुचली, असे लॅम्पोर्ट यांनीच सांगितले आहे. सापेक्षतेत एक घटना दुसरीच्या "आधी" आहे असे सर्व निरीक्षकांना एकमताने केव्हा म्हणता येते? पहिलीकडून दुसरीकडे निदान प्रकाशाचा संदेश पोचू शकत असेल तरच. लॅम्पोर्ट म्हणतात, संगणकांतही तेच धरा. माझा संदेश मिळाल्यावर तुम्ही काही लिहिले, तर माझे आधी आणि तुमचे नंतर. ते नोंदवायला घड्याळ नको, साधे मोजयंत्र पुरे. प्रत्येकाने आपल्या प्रत्येक कृतीला एक वाढवायचा, संदेशासोबत आपला आकडा पाठवायचा, आणि संदेश मिळालेल्याने आपल्या व आलेल्या आकड्यांतला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. या पद्धतीत कारण कधीही परिणामाच्या नंतर येत नाही. लॅम्पोर्ट यांना २०१३ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण समजा, दोघांनी एकमेकांचे काहीच न पाहता लिहिले. मग कोणते आधी? या प्रश्नाला उत्तरच नाही. शाळेची प्रत आणि खरोळ्याची वही यांचे नाते असे होते. एक जुनी आणि दुसरी नवी, असे नव्हतेच मुळी. दोन्ही खऱ्या होत्या आणि दोन्ही अपुऱ्या.

मग आम्ही काय केले?

प्रथम कोणालाही काहीही पुसू दिले नाही. हे फार महत्त्वाचे आहे. फाइल वर जात नाही असे दिसले की लोक घाईने अ‍ॅप काढून पुन्हा घालतात, खात्यातून बाहेर पडतात, किंवा ब्राउझरची साठलेली माहिती साफ करतात. पोच न आलेले बदल नेमके त्याच जागी रांगेत असतात! आधी दिसतो आहे तो मजकूर निवडून दुसरीकडे उतरवून घ्या, निदान पडद्याचा फोटो काढा, मग दुरुस्तीला हात घाला.

नंतर क्लाउडची कचरापेटी उघडली. तेथे टाकलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. गूगल ड्राइव्हमध्ये ती तीस दिवस राहते. मुलांनी प्रत पुसून नऊ दिवस झाले होते. रेणापूरच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या साऱ्या नोंदी जशाच्या तशा मिळाल्या. तुमची फाइल पुसली नसून तिच्यातला मजकूरच गेला असेल, तर "आवृत्ती इतिहास" पाहा. कोणी केव्हा काय बदलले ते तेथे दिसते आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. त्यासाठी फाइलीत बदल करण्याची परवानगी मात्र हवी. नुसती पाहण्याची असेल तर इतिहास दिसत नाही. ड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड-फाइलीच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे तीस दिवस किंवा शंभर आवृत्त्या एवढ्याच राहतात, तेव्हा शोध लवकर घ्यावा.

शोध घेताना आणखी काही गोष्टी सापडल्या, त्या आमच्या प्रकरणात दोषी नव्हत्या, पण इतरत्र नेहमी असतात. एका मुलाच्या मोबाइलवर थोरल्या भावाचे आणि त्याचे अशी दोन खाती होती आणि वही भलत्याच खात्यातून उघडली जात होती. दुसरीचे खाते भरत आले होते. गूगलची फुकट जागा १५ गीगाबाइट असते, आणि पत्रे, फाइली व फोटो या तिघांत मिळून ती एकच असते. लग्नातले व्हिडिओ चढवले की विज्ञानाच्या अहवालाला जागा उरत नाही. फाइलीच्या नावात "५/१०" अशी तिरकी रेघ देऊन तारीख लिहिण्याची सवयही सोडा. विंडोजमध्ये तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारा ही चिन्हे फाइलीच्या नावात चालत नाहीत. आणि मूळ फाइलीशेजारी नागमोडी चिन्ह व डॉलरच्या खुणेने सुरू होणारी एक चिमुकली फाइल दिसली तर घाबरू नका. "वही सध्या उघडी आहे" असे सांगणारी ती वर्डची पाटी असते.

गुरुजनांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो. जुन्या टंकांत टाइप केलेले अहवाल मोबाइलवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो आणि दोष क्लाउडला दिला जातो. त्या टंकांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असते. टंक नसेल तेथे चित्र जाते, क्रमांक उरतो. युनिकोडमध्ये "क" ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो कोठेही "क" च राहतो. असा अहवाल रूपांतर करूनच वर चढवावा.

राहिले पोहरेगाव. त्या मुलाच्या "डाउनलोड" कप्प्यात फाइल होती. जुलैपासूनचे आकडे तीत सापडले, पण मधल्या दोन रविवारांचे नाहीत. मोबाइल "जागा संपली" म्हणू लागल्यावर त्याने कप्पा साफ केला होता, आणि संदेशातून जुनी फाइल पुन्हा उतरवून घेतली होती. त्याआधीचे रविवार त्याने कागदी वहीवरून परत भरले. ते दोन रविवार मात्र मुसळधार पावसाचे. वही भिजेल म्हणून त्याने आकडे सरळ मोबाइलमध्ये लिहिले होते. तीन विहिरी, दोन रविवार, सहा नोंदी. आम्ही सगळीकडे शोधले. त्या मिळाल्या नाहीत.

त्या सहा जागी काय लिहावे यावर मुलांचा चांगलाच वाद झाला. अलीकडचा आणि पलीकडचा आकडा घेऊन मधला काढता येईल, असे एकाचे म्हणणे. खरोळ्याची मुलगी म्हणाली, त्याच दोन आठवड्यांत तर पाणी सगळ्यांत जास्त चढले, मधला आकडा सरळ रेषेत कसा येईल? शेवटी तक्त्यात १९२ नोंदी गेल्या. सहा चौकटी कोऱ्या राहिल्या, आणि पोहरेगावच्या आलेखात जुलैच्या शेवटी रेघ तेवढीच तुटलेली आहे. तिच्याखाली मुलांनी कारण लिहिले आहे. शाळेच्या संगणकात नवा सेल बसवला आहे.